लाल दिवा लागतो, पण बाण हलत नाही: लिनक्सवर यूएसबी माउस कुठे अडतो ते कसं शोधायचं

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. मला कळलं ते असं. शाळेच्या संगणक कक्षात बारा जुनी मशीन आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही सगळ्यांवर एकाच पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट टाकलंत. सातांवर यूएसबी माउस नीट चालतो. उरलेल्या पाचांपैकी तिघांवर माउसखालचा लाल दिवा लागतो, पण बाण जागचा हलत नाही. दोघांवर थोडा वेळ चालतो, मग थांबतो. काढून परत लावला की पुन्हा थोडा वेळ चालतो. कुणाच्या तरी सल्ल्यावरून एक्स-ऑर्गच्या (म्हणजे पडद्यावरचं चित्र आणि बाण सांभाळणाऱ्या प्रणालीच्या, थोडक्यात एक्सच्या) फाइलमध्ये माउसचा विभाग लिहून पाहिलात, फरक पडला नाही. आणि शेवटी विचारलंत, "या माउसचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर कुठून उतरवून घ्यायचा?"

आधी त्या शेवटच्या ओळीबद्दल, कारण तिच्यामागे लागलात तर आठवडा जाईल. असा ड्रायव्हर कुठेच मिळणार नाही, आणि त्याची गरजही नाही. यूएसबीमध्ये कीबोर्ड आणि माउससाठी एक ठरलेली बोली आहे, तिला एचआयडी म्हणतात. माउस कुठल्याही कंपनीचा असो, लावल्या लावल्या तो मशीनला सांगतो की मी एचआयडी जातीचा आहे आणि माउस आहे. ही बोली समजणारा भाग लिनक्सच्या कर्नलबरोबरच येतो (कर्नल म्हणजे हार्डवेअरशी थेट बोलणारा प्रणालीचा गाभा). तुमच्या सात मशीनवर माउस चालतोय, म्हणजे तो भाग तुमच्याकडे आहे आणि काम करतोय. सगळ्यांवर तीच प्रणाली, त्याच पेनड्राइव्हवरून. मग पाच मशीनमध्ये वेगळं काय आहे, ते शोधायचं.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न असा आहे: हात हलल्यापासून पडद्यावर बाण हलेपर्यंत निरोप पाच-सहा ठिकाणांहून जातो, त्यातल्या कुठल्या ठिकाणी तो अडतो? ते ठिकाण सापडलं की दुरुस्ती बहुतेक वेळा दहा मिनिटांची असते. ठिकाण न शोधता सेटिंग बदलत गेलं, तर आधी चालणारं मशीनही बिघडू शकतं.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत, त्या सांगून टाकतो. माउस पुढच्या पोर्टला लावलेत की मागच्या, मध्ये हब (एका पोर्टची अनेक तोंडं करणारा डबा) आहे का, बाराही माउस एकाच खेपेतले आहेत का, आधी या मशीनची देखभाल कोण करत होतं, या सगळ्यावर उत्तर अवलंबून आहे. आणि पाचही मशीनना एकच आजार असेल असं धरून चालू नका. तीन आणि दोन अशी फूट तुम्हीच सांगितलीत. तिथेच दोन वेगळी कारणं असण्याची शक्यता दिसते.

एक सोयीची गोष्ट. खाली आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. माउस नसतानाही मिंटमध्ये कंट्रोल-ऑल्ट-टी दाबलं की टर्मिनल उघडतं, त्यामुळे कीबोर्ड चालतोय तोवर तुम्ही अडणार नाही.

पहिली चाचणी टर्मिनलची नाहीच, हातांची आहे. चालणाऱ्या मशीनचा माउस काढून बंद पडणाऱ्याला लावा आणि त्याचा माउस चालणाऱ्याला. बिघाड माउसबरोबर गेला, तर माउस किंवा त्याची वायर खराब. बिघाड मशीनपाशीच राहिला, तर पोर्ट, वीज किंवा सेटिंग. एवढ्या अदलाबदलीने निम्मी शक्यता निकालात निघते. मी वीसेक वर्षं महाविद्यालयाच्या लॅबचं काम बघतोय, आणि आजही कुणी तक्रार घेऊन आलं की मी खुर्चीवर बसायच्या आधी माउस बदलून बघतो. कागदावर पाच मशीनचे क्रमांक लिहा आणि प्रत्येकासमोर "गेला" किंवा "राहिला" एवढंच लिहा.

आता लाल दिव्याबद्दल, कारण तुम्ही त्याला बराच अर्थ दिलाय. माउसच्या वायरीत आत चार बारीक वायरी असतात. लाल वायरीतून ५ व्होल्ट येतात, काळी जमिनीची, आणि पांढरी व हिरवी या दोन निरोपाच्या. (स्वस्त माउसमध्ये रंग वेगळेही सापडतात, पण काम हेच.) दिवा लागायला लाल आणि काळी पुरतात. पांढरी किंवा हिरवी आतून तुटलेली असली तरी दिवा छान लागतो, आणि आपण समजतो माउस धड आहे. दिव्यावरून फक्त वीज पोचतेय एवढंच कळतं.

वायर तुटते ती जवळपास नेहमी एकाच जागी: माउसच्या तोंडाशी, जिथे वायर बाहेर येते आणि मुलं ती माउसभोवती गुंडाळून ठेवतात. वरचं प्लॅस्टिक शाबूत दिसतं, आत तांब्याचे तंतू एकेक करून तुटत जातात. तो भाग दोन बोटांत धरून हलकेच वाकवत राहा आणि दुसऱ्या हाताने माउस हलवा. एका ठरावीक वळणावर बाण हलला आणि दुसऱ्या वळणावर थांबला, तर शोध तिथेच संपला. तुमची "थोडा वेळ चालतो, मग थांबतो" अशी दोन मशीन आहेत, त्यांच्यावर हे आधी करून बघा.

या दोन वायरींचं आणखी एक काम आहे, ते कळलं की पुढचे संदेश वाचायला सोपे जातात. माउसच्या आत दीड किलोओहमचा एक छोटा रोध असतो, तो निरोपाच्या दोनांपैकी एका वायरीला वर ओढून धरतो. त्यावरूनच मशीनला कळतं की काहीतरी लावलं गेलं. साध्या माउसमध्ये तो पांढऱ्या वायरीवर असतो, त्याचा अर्थ "मी संथ वेगाचा, सेकंदाला १.५ मेगाबिट". हिरवीवर असेल तर १२ मेगाबिट. म्हणून पांढरी तुटली तर साध्या माउसची मशीनला बहुतेक वेळा खबरच लागत नाही. हिरवी तुटली तर खबर लागते, पण बोलणं पुरं होत नाही. बाहेरून दोन्ही माउस सारखेच मेलेले दिसतात. मशीनच्या नोंदीत मात्र फरक दिसतो.

बिघाड मशीनपाशी राहिला, तर आता पोर्ट. पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टला लावा, शक्यतो थेट मदरबोर्डवर असलेल्या. पुढची पोर्ट आतून एका वायरीने मदरबोर्डला जोडलेली असतात, आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ही वायर सैल होणं, पोर्टची पितळी पाती वाकणं, पावसाळ्यात तिच्यावर गंज चढणं हे सगळं होतं. मध्ये हब असेल तर तो काढा. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब मशीनकडून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर घेतो, त्यातले स्वतःसाठी ठेवून चार तोंडांना प्रत्येकी १०० देतो. साधा माउस १०० मध्ये भागवतो. पण त्याच हबला कुणी पेनड्राइव्ह किंवा मोबाइल लावला की सगळ्यांचीच वीज कमी पडते, आणि मग बिघाड नेमका मुलं वर्गात असताना होतो, तुम्ही एकट्या तपासता तेव्हा सगळं ठीक.

आता मशीनला काय दिसतंय ते बघू. माउस काढून ठेवा. टर्मिनलमध्ये सुडो (पुढची आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारा शब्द) आणि पुढे डीमेसेज (डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरं सलग), मग जागा सोडून वजा-चिन्ह आणि डब्ल्यू. ही कर्नलची रोजनिशी आहे, आणि वजा-डब्ल्यूमुळे ती समोर चालू राहते. आता माउस लावा आणि बघा. चारांपैकी एक गोष्ट घडेल.

एक, काहीच उमटणार नाही. म्हणजे मशीनपर्यंत खबरच पोचली नाही: वायर, पोर्ट, किंवा बायोसमध्ये (लिनक्सच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद करून ठेवलेला यूएसबी कंट्रोलर. लिनक्समधलं कुठलंही सेटिंग इथे उपयोगाचं नाही, वेळ घालवू नका.

दोन, "न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस" अशी ओळ येईल आणि तिच्यामागे "डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड" असं म्हणत एरर वजा ७१ किंवा वजा ११० उमटेल, दोन-तीनदा. डिस्क्रिप्टर म्हणजे माउसने स्वतःची करून दिलेली ओळख. ७१ चा अर्थ बोलणं विस्कटलं, ११० चा अर्थ उत्तराची वाट पाहून वेळ संपला. लोक हे आकडे घेऊन ड्रायव्हर शोधत बसतात. माझ्या अनुभवात दहापैकी नऊदा ही तुटकी वायर, खराब पोर्ट नाहीतर कमी पडणारी वीज असते. "ओव्हर-करंट" असा शब्द आला तर पोर्टमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे. त्या पोर्टला दुसरं काही लावून बघू नका, आधी पोर्टच्या आत टॉर्च मारून पाती एकमेकांना टेकलीत का बघा.

तीन, ओळख नीट झाल्याची ओळ येईल, उत्पादकाचा आणि मालाचा असे चार-चार आकडी दोन क्रमांक दिसतील, पण त्यापुढे "इनपुट" या शब्दाने सुरू होणारी ओळ येणारच नाही. ही जागा जरा थांबून समजून घेण्यासारखी आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या लॅबमध्ये मला बोलावलं होतं. तिथे हेच दिसलं. दिवा लागतो, एलएसयूएसबी ही आज्ञा दिली की यादीत माउसचं नावही येतं, पण बाण ढिम्म. मी आधी दोन माउस बदलले, एक पोर्ट बदललं, आणि मग डीमेसेज वाचलं. त्यात सरळ लिहिलेलं होतं की हे उपकरण वापरायला परवानगी नाही. मुलं पेनड्राइव्हमधून खेळ आणतात म्हणून आधीच्या माणसाने सगळ्या नव्या यूएसबी उपकरणांची परवानगीच काढून टाकली होती, आणि तेव्हा तिथे पीएस/२ माउस (यूएसबीऐवजी जुन्या गोल पिनेचे) होते, त्यामुळे कुणाला त्रास झाला नाही. ते माउस झिजले, यूएसबी माउस आणले, आणि कुलूप आता माउसला लागलं.

तुमच्याकडे पेनड्राइव्ह बंद करण्यासाठी कुणी काही केलंय का, ते विचारा. लिनक्स नव्याने टाकल्यावर पाच मशीनवर नंतर काही वेगळं बसवलं असेल, उदाहरणार्थ यूएसबीगार्ड नावाचा प्रोग्रॅम, तर तोही अनोळखी उपकरणांना असाच अडवतो. पेनड्राइव्ह बंद ठेवायचे असतील तर फक्त यूएसबी-स्टोरेज हा कर्नलचा भाग बंद करा, म्हणजे माउस आणि कीबोर्डला धक्का लागत नाही. सगळ्या यूएसबीला कुलूप घालणं लॅबमध्ये करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कधीतरी कीबोर्ड बदलायची वेळ येते, आणि मग मशीनशी बोलायला काहीच साधन उरत नाही.

चार, "इनपुट" ची ओळ येईल, तिच्याखाली "यूएसबी एचआयडी" आणि "माउस" हे शब्द येतील. म्हणजे कर्नलपर्यंत सगळं उत्तम. तरी बाण हलत नसेल, तर अडचण त्याच्या वर, पडद्याच्या बाजूला आहे.

ही चौथी अवस्था पक्की करायची एक चाचणी मला फार आवडते, कारण तिच्यासाठी इंटरनेट लागत नाही, काही बसवावं लागत नाही. सुडो, कॅट आणि पुढे /डेव्ह/इनपुट/माइस (डेव्ह म्हणजे डी-ई-व्ही, आणि माइस हे माउसचं अनेकवचन). एंटर दाबा आणि माउस हलवा. पडद्यावर विचित्र चिन्हं धो धो पडू लागली, तर माउसचे निरोप कर्नलमधून बाहेर येतायत. कंट्रोल-सी दाबून थांबवा.

तीच चिन्हं आकड्यांत बघायची असतील तर कॅटच्या जागी ओडी वापरा आणि त्याला सांगा की एका ओळीत तीन आकडे दाखव: वजा टी डी१, वजा डब्ल्यू३, वजा व्ही, आणि मग तीच फाइल. प्रत्येक ओळीत तीन आकडे येतील. पहिला बटणांचा: काही दाबलेलं नसताना ८, डावं दाबलं की ९, उजवं दाबलं की १०, मधलं दाबलं की १२. दुसरा आकडा आडव्या हालचालीचा, तिसरा उभ्या. हळू हलवलात तर १ आणि २, झटका दिलात तर ३० आणि ४०. डावीकडे नेलात तर आडवा आकडा वजा होतो, आणि पहिल्यात १६ मिसळून ८ चे २४ होतात. खाली ओढलात तर उभा वजा होतो आणि ३२ मिसळतात, म्हणजे ४०. माउस कधीच "मी इथे आहे" असं सांगत नाही. "मागच्या वेळेपासून एवढा सरकलो" एवढंच सांगतो, आणि तेही मशीनने विचारलं तरच. मशीन साधारण दर ८ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा, विचारत असतं. हे आकडे आठवी-नववीच्या मुलांना एकदा दाखवा. माझ्याकडे प्रात्यक्षिकाला आलेली मुलं या तीन आकड्यांपुढे अर्धा तास बसून राहिली होती, आणि वजा संख्या कशाला लागतात हे पुन्हा कुणाला सांगावं लागलं नाही.

इथे एक इशारा मनापासून. या फाइली नेहमीच्या वापरकर्त्याला उघडत नाहीत, म्हणून पुढे सुडो लावावं लागतं. इंटरनेटवर "/डेव्ह/इनपुट मधल्या सगळ्या फाइलींना सहाशे सहासष्टची परवानगी द्या" असा उपाय सापडेल. तो करू नका. त्याच ठिकाणाहून कीबोर्डची प्रत्येक कळसुद्धा जाते. परवानगी सगळ्यांना खुली केली, तर त्या मशीनवर चालणारा कुठलाही प्रोग्रॅम तुमचा पासवर्ड टाइप होताना वाचू शकतो. बारा मशीन, रोज शेकडो मुलं, आणि त्याच मशीनवर कधी शिक्षक शाळेची माहिती भरतात. बाण हलण्यासाठी ही परवानगी लागतही नाही, पडद्याची प्रणाली आपली ती रीतसर मिळवते.

आता तुमच्या एक्स-ऑर्गच्या फाइलकडे. तो सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण तो सल्ला जुन्या काळचा आहे. २००१ च्या सुमाराला मीही तसा विभाग हाताने लिहीत असे: माउस कुठल्या फाइलवर, बोली आयएमपीएस/२, आणि चाक चालावं म्हणून झेड-ॲक्सिससमोर ४ आणि ५. एक अक्षर चुकलं तर पडदाच काळा. २०१० मध्ये आलेल्या एक्स सर्व्हरच्या १.८ या आवृत्तीपासून लिनक्सवर हे काम युडेव्ह नावाच्या यंत्रणेकडे गेलं: उपकरण लावलं की ती एक्सला कळवते आणि माउस आपोआप जोडला जातो. हाताने लिहिलेला जुना माउसचा विभाग एक्स बाजूला ठेवतं, आणि तसं आपल्या नोंदीत लिहितंही. म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही. तो विभाग काढून टाका. ती फाइल आधी नव्हतीच आणि तुम्हीच तयार केली असेल, तर फाइलचंच नाव बदलून ठेवा. पुढे कधी त्यातल्या चुकीमुळे पडदा आलाच नाही, तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून अक्षरी पडद्यावर जाता येतं आणि तिथून फाइल हलवता येते.

कॅटच्या चाचणीत चिन्हं पडतायत पण बाण हलत नाही, अशी वेळ आली तर एक्स-इनपुट ही आज्ञा द्या (टाइप करताना मधली रेघ नको). यादीत माउसचं नाव दिसेल. दिसलं तर त्याचा क्रमांक घेऊन एक्स-इनपुट इनेबल आणि तो क्रमांक असं लिहा. कुणीतरी ते उपकरण बंद करून ठेवलं असेल तर चालू होईल. यादीतच नसेल, तर त्याच मशीनवर नवीन वापरकर्ता तयार करून त्या नावाने आत जाऊन बघा. तिथे चाललं तर जुन्या वापरकर्त्याच्या सेटिंगमध्ये गडबड आहे. तिथेही नाही चाललं, तर ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलंत त्यावरूनच मशीन सुरू करून बघा, काही न बसवता. पेनड्राइव्हवरून माउस चालतोय म्हणजे मशीन आणि माउस दोन्ही धड आहेत, दोष बसवलेल्या प्रणालीत आहे. ही चाचणी फार मोलाची, कारण ती हार्डवेअर आणि सेटिंग यांची स्वच्छ फाळणी करते.

उरली "थोडा वेळ चालतो" वाली दोन मशीन. यांच्याबाबत माझा एकच आग्रह आहे: घड्याळ लावून बघा. माउस किती वेळाने थांबतो, आणि थांबल्यावर काय केलं की उठतो, यावरून कारण बरंचसं ओळखता येतं.

माउस दोन-तीन सेकंद न हलवता ठेवला की झोपतो, नुसतं हलवून उठत नाही, बटण दाबलं की उठतो, असं असेल तर वीज वाचवण्याचं सेटिंग. लिनक्स रिकाम्या यूएसबी उपकरणाला झोपवू शकतं आणि त्याची ठरलेली मुदत २ सेकंद आहे. माउसवर हे सहसा लावलेलं नसतं. पण पॉवरटॉप नावाचा प्रोग्रॅम "ऑटो-ट्यून" करून चालवला की तो सरसकट सगळ्यांना लावतो. शाळा इन्व्हर्टरवर चालत असेल आणि कुणी वीज वाचवायला म्हणून तो चालवला असेल, तर हे होऊ शकतं. उपाय म्हणजे तो सुरुवातीला आपोआप चालतोय ते बंद करणं. एवढ्याने भागलं नाही, तर ग्रबच्या (मशीन लावल्यावर लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलमध्ये कर्नलच्या ओळीत यूएसबीकोअर, टिंब, ऑटोसस्पेंड बरोबर वजा १ असं घालून अपडेट-ग्रब करा. डेस्कटॉपवर यातून वाया जाणारी वीज नगण्य आहे.

पण तुमच्या वर्णनात एक बारकावा आहे. पॉवरटॉप एकदाच चालतो आणि त्या वेळी जोडलेल्या उपकरणांनाच झोपेचा नियम लावतो. माउस काढून परत लावला की मशीनला तो नवा वाटतो, नियम लागलेला नसतो, आणि मग तो दिवसभर चालायला हवा. तुमचा माउस काढून लावल्यावर चालतो आणि काही वेळाने परत थांबतो. म्हणून माझं बोट झोपेकडे कमी आणि वायर, पोर्ट किंवा विजेकडे जास्त जातंय. युडेव्हचा नियम लिहून कुणी हीच झोप लावली असेल तर मात्र ती परत लावल्यावरही येते. तेवढी शक्यता उरतेच.

हे ठरवायला माउस चालू असताना डीमेसेज वजा-डब्ल्यू उघडं ठेवा आणि थांबायची वाट बघा. थांबण्याच्या क्षणी "यूएसबी डिस्कनेक्ट" उमटलं, तर मशीनच्या दृष्टीने माउस उपटला गेलाय: वायर, पोर्ट, वीज. काहीच न उमटता बाण थांबला, तर झोप किंवा पडद्याची बाजू.

अगदी ठरल्या वेळी, साधारण दर मिनिटाला, डिस्कनेक्ट आणि लगेच परत जोडणी असं चक्र दिसलं तर तो वेगळाच प्रकार. पिक्सआर्टची चिप असलेले काही स्वस्त माउस, कुणीच त्यांचे निरोप वाचत नसेल तर, स्वतःच तुटून परत जोडले जातात. हे बहुतेक अक्षरी पडद्यावर दिसतं. चित्रमय पडदा चालू असताना एक्स सतत वाचत असतं, म्हणून चक्र बंद होतं. कर्नलमध्ये अशा कित्येक माउसची यादी आहे आणि त्यांना तो सतत विचारत राहतो. तुमचा त्या यादीत नसेल तर कर्नलच्या यूएसबीएचआयडी या भागाच्या क्वर्क्स या पर्यायात माउसचे दोन क्रमांक आणि ०एक्स४०० देऊन घालता येतो. तुम्हाला याची गरज पडेल असं वाटत नाही, पण चक्र दिसलं तर गोंधळू नका म्हणून सांगितलं.

वायरलेस माउस तुमच्याकडे नसावेत. असलेच तर त्यांचा छोटा रिसीव्हर निळ्या यूएसबी ३ पोर्टजवळ, विशेषतः चालू हार्डडिस्कशेजारी लावू नका. यूएसबी ३ चा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि बाण अडखळतो. आणि टेबलावर काच किंवा चकचकीत सनमायका असेल तर आधी एक कागद टाका. माउसखालचा सेन्सर पृष्ठभागाचे फोटो काढून हालचाल मोजतो, गुळगुळीत काचेवर त्याला टिपायला काही सापडतच नाही.

तुमच्या जागी मी असतो तर क्रम असा ठेवला असता: आज पाचही मशीनवर अदलाबदल, मागचं पोर्ट, हब काढून टाकणं. यात निदान दोन-तीन मशीन सुटतील असा माझा अंदाज आहे. उद्या उरलेल्यांवर डीमेसेज. एक्स आणि सेटिंग परवा, आणि तेही कॅटच्या चाचणीत चिन्हं पडली तरच.

हे करून जी मशीन उरतील, त्यातल्या एकाचंच मला पाठवा, सगळ्यांचं एकदम नको. माउस लावल्यानंतरच्या डीमेसेजच्या वीसेक ओळी, मोबाइलवर काढलेला फोटो चालेल. सोबत तीन गोष्टी लिहा: माउस बदलल्यावर बिघाड गेला की राहिला, किती वेळाने थांबतो, आणि कशाने उठतो. शाळा सुरू व्हायच्या आत बाराही चालू करू.